घोडा 'अचानक' उधळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घोड्यावरून पडून कोणी जखमी झाले की बातमीत एक वाक्य ठरलेले असते: 'घोडा अचानक उधळला.' त्यापुढे जखमीची प्रकृती, फार तर एखाद्या प्रत्यक्षदर्शीचे म्हणणे. घोड्याबद्दल एवढेच. घोड्यांमध्ये रोज वावरणाऱ्या कोणालाही हा 'अचानक' खटकतो. घोडा उधळण्याआधी बराच वेळ, पुष्कळदा कित्येक दिवस, सांगत असतो. कान मागे पडतात, शेपूट सपासप फिरू लागते, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, कसताना तो वळून पोटाकडे बघतो, जबडा आवळला जातो, खोगिराखाली पाठ ताठ होते. स्वाराला हे वाचता आले नाही, किंवा घोडा येऊन चारच दिवस झाल्यामुळे वाचायला अवधीच मिळाला नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ असतो. नवा घोडा दारात येणे आणि त्याच्यावरची पहिली रपेट, या दोहोंच्या मध्ये काय काय व्हायला हवे ते इथे लिहितो आहे. पत्र लांबले आहे, पण प्रश्न माणसाच्या आणि मुक्या जनावराच्या जिवाचा आहे. म्हणून एवढी जागा मागतो.

घोडा ही मुळात शिकार होणारी जात. शंका आली की आधी पळायचे आणि मग वळून बघायचे, हीच तिची रीत. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने मान न वळवता सुमारे 350 अंशांतले त्याला दिसते, पण कपाळाच्या अगदी समोरचा थोडा भाग आणि शेपटीमागची पट्टी दिसत नाही. नेमक्या याच दोन जागांवर नवखा माणूस पहिला हात ठेवतो: समोरून येऊन कपाळावर, किंवा मागून येऊन पुठ्ठ्यावर थाप. घोड्याच्या लेखी तो हात हवेतून उगवलेला असतो. घोड्याकडे जायचे ते डाव्या खांद्याच्या रोखाने, तिरके, बोलत बोलत. दोन पावलांवर थांबायचे आणि हाताची पालथी बाजू पुढे करून त्याला वास घेऊ द्यायचा. त्याने नाक पुढे आणले की मग हात, आणि तोही खांद्यावर. उजेडातून अंधारात जाताना त्याचे डोळे आपल्यापेक्षा सावकाश सरावतात, म्हणून भर उन्हातून तबेल्यात शिरताना उंबऱ्याशी तो थबकतो. तो हट्ट नव्हे. एखाद्या वस्तूवरून जाताना बुजला नाही, पण येताना त्याच वस्तूला बुजला, हेही नेहमीचे. दुसऱ्या बाजूने दिसणारी ओळखीची वस्तू त्याला नवी वाटू शकते. अशा वेळी 'मघाशी तर नीट गेलास' म्हणून चाबूक मारणाऱ्याने त्याला एकच गोष्ट शिकवली: त्या वस्तूपाशी दुखते.

ओळखीसाठी मानेवर फाडफाड थोपटण्याची सवय सगळीकडे दिसते. घोडे एकमेकांना थोपटत नाहीत, दातांनी खाजवतात, आणि तेही मानेच्या मुळाशी, जिथे आयाळ संपते त्या उंचवट्यावर. 1993 साली फ्रान्समध्ये झालेल्या एका अभ्यासात याच जागी माणसाने खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी झालेले दिसले, दुसऱ्या जागी खाजवल्यावर तसे झाले नाही. बोटांच्या पेरांनी तिथे मिनिटभर सावकाश खाजवून बघावे. जागा बरोबर सापडली तर मान लांबते, खालचा ओठ सैल होतो, वरचा ओठ पुढे येऊन थरथरू लागतो. नव्या घोड्याशी पहिले बोलणे हेच.

पण त्याआधी, घोडा जुन्या मालकाकडून आणतानाच, निम्मे काम व्हायला हवे. घोडा बघायला जाल तेव्हा तो खोगीर चढवून, फिरवून तयार ठेवलेला असेल तर त्या दिवशी फक्त बघून परत या. थकवलेला घोडा शांतच दिसतो. पुन्हा जा, आणि त्याला पागेतून काढणे, बांधणे, खरारा, खूर उचलणे, खोगीर चढवणे हे सगळे तुमच्या डोळ्यांदेखत पहिल्यापासून करायला सांगा. आधी त्यांचा स्वार बसू दे, मग तुमचा. गुंगीच्या किंवा दुखणे दाबणाऱ्या औषधाखाली घोडा दाखवण्याचे प्रकार होतात. पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यालच, तेव्हाच रक्ताचा नमुना काढून ठेवायला सांगा. विचारायचे ते असे: चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, किती आणि कसली, दिवसातून किती वेळा, वैरण कोणती, दात शेवटचे कधी घासले, नाल कधी बदलली, धनुर्वाताची लस कधी दिली, जंताचे औषध कधी दिले, आठवड्यात किती दिवस आणि किती वेळ काम होते, तोंडात कोणता बिट, म्हणजे लगामाची तोंडात बसणारी दांडी, असतो. शक्य असेल तर तोच बिट विकत मागून घ्या. आठवडाभर पुरेल एवढी जुनी वैरण आणि चंदीही बरोबर आणा.

वैरणीचा आग्रह उगाच धरत नाही. घोड्याला ओकारी होत नाही. जठर लहान, आणि वैरण पचवणारे सूक्ष्मजीव मोठ्या आतड्यात. ते जुन्या खाण्याला सरावलेले असतात. एका दिवसात सगळे बदलले तर वायू धरतो, आतडे तुंबते किंवा पीळ बसतो, आणि पोटशुळाने घोडा हातचा जाऊ शकतो. जुन्यात नवे मिसळत सात ते दहा दिवसांत बदल पुरा करायचा. रोजची सुकी वैरण वजनाच्या दीड ते दोन टक्के. म्हणजे 300 किलोच्या घोड्याला साडेचार ते सहा किलो, तीही दिवसभरात विभागून. पाणी: काम नसताना, थंड हवेत 15 ते 20 लिटर, उन्हात आणि कामात त्याच्या दुप्पट किंवा जास्त. नव्या जागी पाण्याची चव वेगळी लागली तर काही घोडे पाणी तोडतात. म्हणून नळाला जोडलेल्या हौदापेक्षा बादली बरी, किती प्याला ते कळते.

आणि इथेच सर्वांत जास्त होणारी चूक सांगितली पाहिजे. घोडा नवा आहे, लाडका आहे, म्हणून चंदी वाढवली जाते. नवा आहे, 'जरा रुळू दे' म्हणून काम बंद असते. दहा दिवस भरपूर दाणा खाऊन उभा राहिलेला घोडा अकराव्या दिवशी खोगिराखाली स्फोटासारखा निघतो, आणि मग 'विकणाऱ्याने फसवले' म्हणून बोभाटा होतो. काम नाही तर चंदी नाही, किंवा अगदी मूठभर. वैरण मात्र भरपूर. मोकळ्या आवारात रोज काही तास पाय मोकळे करायला मिळालेच पाहिजेत.

आधीपासून घोडे असतील तर नवा घोडा तीन आठवडे वेगळा ठेवावा. बादल्या, खराऱ्याचे ब्रश, म्होरकी, सगळे वेगळे, आणि त्याचे काम सर्वांत शेवटी करावे. जबड्याखाली गाठी, नाकातून घट्ट शेंबूड आणि ताप अशी लक्षणे असलेला संसर्ग पागेत शिरला तर महिने जातात. वेगळा म्हणजे एकटा नव्हे. दुसरा घोडा दिसेल इतपत जवळ असावा, नाहीतर कळपातले हे जनावर दिवसरात्र खिंकाळत फेऱ्या मारत राहते. या दिवसांत रोज सकाळी त्याचे तापमान, नाडी आणि श्वास मोजून वहीत लिहायचे. निरोगी घोड्याचे तापमान 37.2 ते 38.3 अंश सेल्सिअस. नाडी जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोटाखाली लागते, ती विश्रांतीत मिनिटाला 28 ते 44. श्वास 8 ते 16. हिरडीवर अंगठा दाबून सोडला की पांढरा ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. लीद दिवसातून आठ-दहा वेळा तरी पडते. ती थांबली, घोडा वैरणीकडे पाठ करून उभा राहिला, पुढच्या पायाने जमीन उकरू लागला, पोटाकडे वळून वळून बघू लागला, तर वाट न बघता पशुवैद्य. हे आकडे त्या घोड्याचे स्वतःचे काय आहेत ते ठाऊक नसेल, तर पुढे कधी बिघडले तेही कळणार नाही.

आणखी एक गोष्ट फार थोडे लोक बघतात, ती म्हणजे तो झोपतो का. घोडा उभ्याने डुलकी घेतो हे सर्वांना माहीत असते, पण गाढ झोपेचा एक भाग त्याला आडवे पडल्याशिवाय मिळतच नाही. परक्या जागी सुरक्षित वाटले नाही तर तो कित्येक रात्री आडवा होत नाही. मग दिवसा उभ्या उभ्या डोळे मिटतात, मान खाली खाली जाते आणि पुढचे गुडघे एकदम मुडपतात. अंगावर, शेपटीत वैरणीचे काडीकचरे किंवा माती दिसली की समजावे, रात्री टेकला होता. ते दिसेपर्यंत खोगिराची घाई नको.

आता हात. खरारा ही नुसती स्वच्छता नव्हे, ती रोजची तपासणी आहे. उघड्या तळहाताने मानेपासून सुरुवात करून पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी, कण्यापासून चार बोटे अंतर सोडून, मध्यम दाब देत शेपटीपर्यंत जावे. चांगल्या पाठीचे मांस हाताखाली मऊ आणि लवचीक लागते. दुखरी जागा आली की कातडी थरथरते, पाठ खाली दबते, कान मागे जातात, किंवा तो तिथून सरकूच लागतो. पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके असतील तर ते जुन्या, चुकीच्या खोगिराने केलेले असू शकतात. तिथे एकेकाळी जखम होती. मग तंगाची जागा, पुढच्या पायांच्या मागे. मग ओठांचे कोपरे, जीभ आणि पुढच्या दातांमागची मोकळी हिरडी, जिथे बिट बसतो. तिथे व्रण असतील तर हा घोडा लगामाला का तोंड वर करतो ते कोड्यात राहणार नाही. दाढा आयुष्यभर वर येत राहतात आणि झिजताना त्यांच्या कडा धारदार होतात, वरच्यांच्या बाहेरून, खालच्यांच्या आतून. गाल आणि जीभ कापली जाते. अर्धवट चावलेल्या वैरणीचे बोळे तोंडातून पडत असतील तर पहिली शंका दातांचीच. वर्षातून एकदा तरी तज्ज्ञाकडून दात तपासून घ्यावेत.

खुरांचेही तसेच. पाय उचलताना खांद्यापासून हात सरकवत खाली यायचे, एकदम खाली वाकून पाय पकडायचा नाही. घोडा त्या पायावरचा भार काढेल तेवढा वेळ द्यायचा. खूर साफ करायचा आकडा टाचेकडून पुढे चालवायचा, म्हणजे निसटला तरी मऊ भागात घुसत नाही. तळव्याच्या मधला त्रिकोणी भाग रबरासारखा असावा. काळपट, गळका आणि कुजकट वासाचा झाला असेल तर ओल्या, घाण जागेत उभा राहिल्याची ती खूण. नालबंदाची फेरी सहा ते आठ आठवड्यांनी. एकाच खुराला इतरांपेक्षा ऊब जास्त लागली आणि खुराच्या वर नाडी जोरात उडत असली तर स्वारी नाही.

घोडा आपल्याजवळ शांत उभा राहू लागला की जमिनीवरचे शिक्षण. यालाच लोक वेळ देत नाहीत, आणि माझ्या मते सगळे इथेच ठरते. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटल्याने शिकतो. दोर ओढून धरला आणि घोडा एक पाऊल पुढे आला, त्याच क्षणी दोर सैल झाला तर त्याला कळते की पाऊल टाकणे हे उत्तर होते. दोन-तीन सेकंदांनी सैल केला तर त्या वेळी तो जे करत होता, म्हणजे मान झटकत होता किंवा कान पाडत होता, ते उत्तर ठरते. पाऊल पडून गेले तरी ओढतच राहिलात तर उत्तरच नाही असे तो शिकतो, आणि अशा घोड्याला लोक 'अडेल' म्हणतात.

घोड्याच्या डावीकडे, डोके आणि खांदा यांच्या मध्ये उभे राहा. उजव्या हातात दोर म्होरकीपासून वीतभर-दीड वीत अंतरावर. उरलेला डाव्या हातात घड्या घालून धरायचा, हाताला वेटोळे घालून कधीच नाही. घोडा पळाला तर वेटोळे आवळते आणि बोटे जातात, माणूस फरफटत जातो. चाला. थांबायचे असेल तेव्हा आधी स्वतः श्वास सोडून थांबा. घोडा थांबला नाही तरच दोराने मागे हलका दाब, थांबताच सैल. तुमच्या थांबण्याबरोबर तो दोराविना थांबू लागेपर्यंत हेच. मग दोन-तीन पावले मागे घेणे. मग सर्वांत महत्त्वाचे: तंगाच्या मागे वीतभर अंतरावर, म्हणजे पुढे जिथे तुमची पोटरी लागणार आहे तिथे, दोन बोटांनी दाबा आणि तो मागचा पाय पोटाखालून आडवा टाकत पुठ्ठा पलीकडे नेईपर्यंत धरून ठेवा. पाऊल पडले, बोटे उचला. दोन्ही बाजूंनी. हा घोडा उद्या वर बसल्यावर तुमच्या पायाचे ऐकेल की नाही याची परीक्षा जमिनीवरूनच होते, तीही हाडे शाबूत असताना. रोज वीस मिनिटे पुरेत. दोन-तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट होते.

बुजण्याची परीक्षाही इथेच घ्यायची. प्लास्टिकची पिशवी, उघडणारी छत्री, ताडपत्री. वस्तू दूर ठेवा. घोडा कान टवकारून बघतो तिथेच थांबा, त्याने मान खाली घालून श्वास सोडला किंवा तोंड चघळल्यासारखे हलवले की वस्तू मागे न्या. मग थोडी जवळ. त्याला ढकलत तिच्यापाशी नेऊ नका. आणि स्वतःकडेही लक्ष ठेवा. 2009 साली स्वीडनमध्ये एक साधा प्रयोग झाला. घोडा घेऊन चालणाऱ्यांना आणि स्वारांना सांगितले होते की चौथ्या फेरीला छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरीही त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्यांचेही. स्वाराची भीती लगामातून, मांडीतून खाली उतरते ती अशी.

खोगिराबद्दल थोडे सावकाश लिहितो, कारण 'वाईट घोडा' म्हणून बदनाम झालेल्या कित्येकांचे मूळ खोगिरात असते. एका घोड्याचे खोगीर दुसऱ्याला बसेलच असे नाही. पॅड न घालता आधी नुसते खोगीर थोडे पुढे ठेवून मागे सरकवा, म्हणजे केस सरळ बसतात आणि खोगीर आपल्या जागी थांबते. मानेच्या मुळाशी असलेला तो उंचवटा आणि खोगिराची कमान यांत स्वार बसल्यावरही दोन-तीन बोटे जागा राहिली पाहिजे. पुढून खोगिराखालून मागपर्यंत बघितले तर कण्यावर आरपार उजेड दिसला पाहिजे. खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये, कारण तिथून पुढे पाठीला बरगड्यांचा आधार नाही. पुढची टोके खांद्याच्या हाडावर चढत असतील तर प्रत्येक पावलाला हाड त्यांवर घासते आणि घोडा आखूड पावले टाकू लागतो. रपेटीनंतर खोगीर काढल्यावर घामाचा ठसा वाचा. दोन्ही बाजूंना सारखा ओला आणि मधे कण्यावर कोरडा असेल तर ठीक. ओल्या भागात एखादा कोरडा ठिपका दिसला तर तिथे दाब इतका आहे की घामच आला नाही, किंवा खोगीर तिथे टेकतच नाही. दोन्ही वाईट. जाड पॅड घालून वेडेवाकडे खोगीर नीट होत नाही. घट्ट बुटात जाड मोजे घालण्यासारखे ते आहे.

बिट ओठांच्या दोन्ही बाजूंना अर्धा सेंटिमीटर बाहेर राहावा. कोपऱ्यात एखादी सुरकुती पडावी, हसल्यासारखे तोंड ताणले जाऊ नये. नाकपट्ट्याखाली, नाकाच्या हाडावर, दोन बोटे सहज शिरली पाहिजेत, गळपट्ट्याखाली चार. जास्त कडक बिट हा घोडा आवरण्याचा उपाय नाही. दुखण्यापासून पळणारा घोडा जास्त दुखवले की जास्त पळतो. काटेरी बिटाबद्दल तर एवढेच म्हणेन की तो ज्याच्याकडे असेल त्याने आजच मोडीत टाकावा.

वजनाचा हिशेबही बसण्याआधीच करायचा असतो. छातीचा घेर, पुढच्या पायांच्या लगेच मागून, सेंटिमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11880, म्हणजे अंदाजे वजन किलोत. घेर 160 आणि लांबी 145 असेल तर सुमारे 312 किलो. स्वार आणि सामान मिळून याच्या पाचव्या हिश्शापेक्षा, म्हणजे 62 किलोपेक्षा, जास्त नको. नवा, अशक्त किंवा कोवळा घोडा असेल तर त्याहून बरेच कमी. खोगीर, लगाम, पॅड यांचे आठ-दहा किलो वजा केले की भारदस्त माणसाला लहान चणीचा घोडा का चालत नाही ते उघड होते.

पहिल्या स्वारीसाठी कुंपणाची जागा, सपाट आणि न घसरणारी जमीन, वारा कमी असलेली वेळ आणि खाली एक जाणता माणूस हवा. डोक्याला नीट बसणारे, हनुवटीखाली बांधलेले घोडेस्वारीचे हेल्मेट. एकदा पडल्यावर ते बदलायचे, वरून धड दिसले तरी. बुटाला दोन-अडीच सेंटिमीटरची टाच, आणि रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, बुटापेक्षा दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर रुंद. पाय रिकिबीत अडकून फरफटणे हा घोडेस्वारीतला सर्वांत भयंकर अपघात. तो या दोन साध्या मोजमापांनी बराच टळतो. रिकिबीची लांबी ढोबळमानाने अशी: बोटांची टोके खोगिरावर पट्ट्याच्या कडीला लावली तर रिकीब काखेत यावी.

आधी दहा मिनिटे खोगीर घालून, स्वाराविना, लांब दोरावर मोठ्या वर्तुळात फिरवा, दोन्ही दिशांनी. घोडा दमवण्यासाठी नव्हे. खोगिराखाली पाठ कशी चालते ते बघण्यासाठी. लहान वर्तुळात भराभर फिरवल्याने सांध्यांवर ताण येतो. तंग तीनदा कसायचा: खोगीर ठेवल्यावर हलका, चालवल्यावर थोडा, बसायच्या आधी पुरता. बसल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा बघायचा. एकदम करकचून आवळलेल्या तंगाने काही घोडे कायमचे चिडके होतात, आणि फुगवलेले पोट सैल झाले की खोगीर स्वारासकट पोटाखाली फिरते.

उंच ठोकळ्यावरून चढा. जमिनीवरून चढताना खोगीर ओढले जाते आणि घोड्याच्या पाठीला पीळ बसतो. डाव्या हातात लगाम आणि थोडी आयाळ. चढताना बुटाचे टोक बरगडीत खुपसू नका, उजवा पाय पुठ्ठ्यावरून ओढू नका, आणि खोगिरावर धपकन आदळू नका. बसून श्वास घ्या आणि काहीच करू नका. घोडा निघाला तर थांबवा. 'बसल्यावर लगेच निघायचे नाही' हा पहिला धडा. मग चालीवर पंधरा-वीस मिनिटे: चालणे, थांबणे, मोठी वळणे, पुन्हा थांबणे. दुडकी चाल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. भरधाव तर थांबणे आणि वळणे दोन्ही बाजूंनी लोण्यासारखे झाल्यावरच. पहिल्या दिवशी 'बघू तरी किती पळतो' हा मोह ज्याला आवरत नाही त्याने घोडा घेऊ नये.

बिघडते ते बहुधा असे. घोडा थोडा जोरात निघतो, स्वार घाबरतो, मांडी आणि टाचा आवळतो आणि दोन्ही लगाम ओढतो. टाचा सांगतात 'पळ', लगाम सांगतो 'थांब'. पुढचा रस्ता बंद, मागचा बंद. उरते वरची दिशा, आणि घोडा पुढचे पाय उचलून उभा राहतो. अशा वेळी पुढे झुकून लगाम सोडायचा, नाहीतर घोडा पाठीवर उलटतो. उसळ्या मारण्याआधी घोडा डोके खाली घालतो आणि पाठीची कमान करतो. तेव्हा ताठ बसून एका लगामाने त्याचे डोके वर आणि बाजूला घ्यायचे, पुढे चालवत ठेवायचे. उधळलाच तर दोन्ही लगाम एकसारखे ओढून धरण्यात अर्थ नाही. ओढीवर मान टेकवून तो आणखी पळतो. ओढ-सोड, ओढ-सोड करत मोठ्या वर्तुळात घ्यायचे आणि वर्तुळ हळूहळू लहान करायचे. वेगात एकदम मुरडले तर पाय गुंततात आणि दोघेही पडतात.

यातले काहीही दुसऱ्यांदा घडले तर आधी दुखणे शोधा, शिक्षा नंतर, किंवा कधीच नाही. स्वाराखालच्या घोड्याच्या दुखण्याच्या 24 खुणांची एक यादी पशुवैद्यकीय संशोधनातून 2018 साली पुढे आली: कान बराच वेळ मागे, तोंड वारंवार उघडणे, शेपूट झटकणे, डोके हलवणे, मागचा पाय घासत टाकणे, वारंवार अडखळणे अशा. त्यांतल्या आठ किंवा अधिक दिसल्या तर हाडामांसाचे दुखणे असण्याची शक्यता मोठी मानतात. घोडा ओरडत नाही, म्हणून अशा याद्या कराव्या लागतात.

कुंपणाबाहेर पहिल्यांदा जाताना पुढे एखादा मुरलेला, न बुजणारा घोडा असावा, आणि दोघांत किमान एका घोड्याचे, म्हणजे तीन मीटर तरी अंतर. त्याहून जवळ गेल्यास पुढचा दुगाण्या झाडू शकतो. अर्धा तास पुरे. येताना शेवटची दहा मिनिटे चालीवरच, लगाम लांब सोडून. घराच्या दिशेने एकदा पळू दिलेला घोडा पुढच्या प्रत्येक वेळी त्याच वळणापासून पळायला बघतो.

संपादक महोदय, आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी अशी बातमी आली की घोडेमालकाला एवढेच विचारावे: घोडा येऊन किती दिवस झाले होते? त्याआधी किती दिवस तो बांधून होता आणि चंदी किती चालू होती? खोगीर त्याचेच होते की दुसऱ्या घोड्याचे? दात आणि पाठ कोणी, कधी तपासली? स्वाराच्या डोक्यावर हेल्मेट होते का, आणि खाली कोण उभे होते? मिळतील ती उत्तरे बातमीत दोन ओळींत छापावीत, 'अचानक' या शब्दाच्या जागी.

आपला,
एक अश्वप्रशिक्षक